सातव्या दिवसाचा आवाज

दीप्तीला लोक चेहऱ्याने ओळखत नाहीत, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. हुडकेश्वरच्या बाजारात ती वांगी निवडत उभी असते तेव्हा तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. पण "पाव किलो द्या, अन् किडकी नको" एवढं ती बोलली, की शेजारचं गिऱ्हाईक पिशवी सावरत वळतं. "खो-खोच्या मॅडम ना तुम्ही? रेडिओवाल्या?" मग भाजीवाला चार मिरच्या जास्तीच्या टाकतो. चौदा वर्षांच्या नोकरीत हिला कायमचं असं एवढंच मिळालं, असं तिचा नवरा प्रशिक म्हणायचा, आणि तो काही खोटं बोलत नव्हता.

खरं तर 'नोकरी' हा शब्दच इथे उगाच मिरवतो आहे. 'दिगंत' ही देशभर पसरलेली प्रसारण कंपनी. रेडिओवर आणि आता फोनवरही तिचं सामन्यांचं समालोचन चालतं. सदर भागात तिचं नागपूर केंद्र आहे, चकचकीत काचेचं, दारात नामवंत खेळाडूंचे माणसाहून मोठे फोटो. आत, थंडगार खोलीत बसणारी दोन माणसं कायम. बाहेर मैदानावर उन्हात बसणारे सगळे हंगामी. त्या हंगाम्यांना महिन्यात सहा दिवसांच्या वर बोलवायचं नाही, असा दिल्लीचा जुना नियम होता. जास्त बोलावलं तर उद्या हाच माणूस हक्क सांगेल, अशी त्या शहाण्यांना भीती. म्हणून महिन्याचे सहा दिवस दीप्ती साऱ्या देशाला सामना ऐकवायची, आणि उरलेले चोवीस दिवस 'दिगंत'ची ती कोणीही नसायची. गेटवरचा चौकीदार, जो काल तिचं समालोचन ऐकून टाळ्या वाजवत असे, तोच आज तिला 'भेटीस आलेले' या रजिस्टरात सही करायला लावायचा. मानधन नऊ वर्षांत जागचं हललं नव्हतं. उरलेल्या दिवसांत ती शिकवण्या घ्यायची आणि लोकांच्या लग्नांत माइक धरून "वधूवरांना शुभेच्छा देण्यासाठी" वगैरे म्हणायची.

आता स्पर्धा काही दिल्लीला विचारून भरत नाहीत. सात दिवसांची स्पर्धा असली, की नेमक्या फायनलच्या दिवशी समालोचकाचे दिवस संपलेले असायचे. त्यावर केंद्राने एक तोड काढली होती. ज्याचे दिवस शिल्लक असतील त्याच्या नावाने बुकिंगची चिठ्ठी फाडायची आणि बोलणाऱ्याने बोलायचं. पैसे नाववाल्याच्या खात्यात जमा व्हायचे, तो ते बोलणाऱ्याला नेऊन द्यायचा. हे सगळ्यांना माहीत होतं. चिठ्ठ्या फाडणारा कारकून अमोल तर त्याला 'सातवा दिवस' असंच म्हणायचा, दहाव्या-तेराव्यासारखा तोही एक विधी असल्यासारखा.

दीप्तीचे सातवे दिवस कृष्णकांत काकांच्या नावावर जायचे.

कृष्णकांत पोतनीस, वय सत्तावन्न, हे गुणलेखक. कधीकाळी भोसल्यांच्या दफ्तरात आकडे लिहिणाऱ्या घराण्यातले, आणि तो आकड्यांचा सोस अजून अंगात. समालोचकाच्या शेजारी कागद, पेन्सिल आणि स्टॉपवॉच घेऊन बसायचं, कोण कितव्या मिनिटाला बाद झालं ते लिहायचं, आणि उरलेला वेळ बोटांनी दाखवायचा. बोलायचं मात्र नाही. उघड्या माइकशेजारी गुणलेखकाने तोंड उघडणं म्हणजे त्यांच्या मते देवळात चपला घालून शिरणं. खोकला येऊ नये म्हणून ते गालात वेलदोडा धरून बसत. तीस वर्षांत त्यांचं खाकरणंसुद्धा कधी हवेवर गेलं नव्हतं. तसे ते समालोचनही करू शकत होते, कागदोपत्री त्यांची दोन्ही कामांसाठी नोंद होती, पण स्वतःच्या आवाजाबद्दल त्यांचं मत वाईट होतं. गुणलेखक लागायचा तो उपांत्य फेरीपासून, त्यामुळे त्यांचे दिवस शिल्लक राहायचे.

आणि त्या सातव्या दिवशीही ते येऊन बसायचेच. चिठ्ठी एकच, पैसे दीप्तीचे, म्हणजे काका फुकट. दुसऱ्या दिवशी पाकीट तिच्या हातात, पुरतं, काकांच्या बायकोने, यमुताईंनी, मोजून दिलेलं.

"काका, अर्धे तं ठेवा," दीप्ती म्हणायची.

"काहून? मी बोललो का?"

एवढ्यावर विषय मिटायचा.

तिला घडवलं ते याच माणसाने. पहिल्या वर्षी, चोवीस वर्षांची दीप्ती माइकसमोर थरथरायची तेव्हा, त्यांनी तिला एका रविवारी सरावाच्या मैदानावर नेलं आणि मैदानाकडे पाठ करून बसवलं. "आता सांग, कोण पळून राहिलं?"

"दिसत नाही तं कसं सांगू, काका?"

"घरी ऐकणाऱ्याले तरी कुठं दिसते? डोळ्यानं सारेच पाहतात वं. तू कानानं पाह्य."

ती चिडली, रडकुंडीला आली, पण बसली. चार रविवार गेले. पाचव्या रविवारी तिला मातीतली पावलं वेगळी वाटायला लागली. ही जड पडते ती उंच पोर, ही टाचेवर वळते ती डावखुरी, ही तर लागतच नाही जमिनीला. त्या दिवशी दीप्तीच्या अंगावर जो काटा आला, तो पुढे प्रत्येक सामन्याला येत राहिला. एवढं सगळं जग आपल्या पाठीमागे चालू होतं आणि आपल्याला कोणी सांगितलंच नव्हतं, असं तिला वाटलं. मानधन न वाढता माणूस चौदा वर्षं एका ठिकाणी का टिकतो, याचं उत्तर लोक वेड्यासारखं इकडेतिकडे शोधतात. ते त्या पाचव्या रविवारी आहे.

आता त्या फायनलबद्दल.

तीन वर्षांपूर्वी नागपूरजवळ बेसा इथल्या एका शाळेच्या मैदानावर मुलींची राज्य खो-खो स्पर्धा होती. सहाव्या दिवशी संध्याकाळी वादळाने मांडव आणि दिव्यांचे खांब आडवे केले, म्हणून फायनल दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला ठेवली. दीप्तीचे सहा दिवस संपले होते. चिठ्ठी काकांच्या नावाने फाटली. नागपूर विरुद्ध धाराशिव, नागपूरची शेवटची पळती, तीन गुणांनी पुढे. तीन मिनिटं दहा सेकंद उरली असताना तुकडीतल्या दोन मुली पाठोपाठ बाद झाल्या आणि मैदानात एकटी नूपुर राहिली. बेशाचीच पोर, सतरा वर्षांची, हाडकुळी. ती बाद झाली की बरोबरी, आणि मागे येणारी तुकडी दमून गेलेली.

त्या तीन मिनिटांत काय झालं ते नागपुरात अजून लोक एकमेकांना सांगतात. नऊ जणींच्या विरुद्ध एक पोर पळत होती. दीप्तीचा आवाज तिच्या बरोबरीने धावत होता, वळत होता, खांबाला वळसा घालत होता. ऑटोवाल्यांनी ऑटो कडेला घेतले. हापिसात निघालेली माणसं डबा हातात धरून दारात थबकली. आणि शेवटच्या मिनिटात, दीप्ती "नूपुर डावीकडे" म्हणत असतानाच, शेजारून कोणीतरी हलकेच बोललं. दीप्ती गप्प झाली.

एकवीस सेकंद. रेडिओवर एकवीस सेकंद काही न बोलणं म्हणजे काय ते त्या धंद्यातल्याला विचारा, घाम फुटतो. पण ते एकवीस सेकंद रिकामे नव्हते. त्यात 'खो' होते, एकावर एक, पोरींच्या फाटलेल्या आवाजातले. त्यात धापा होत्या. मातीवर सूर मारल्याचा घसारा होता, लाकडी खांबावर आदळलेला पंजा होता. आणि या सगळ्याच्या मधून, जमिनीला लागत नसल्यासारखी, दोन पावलं होती. मग शिट्टी झाली, आणि दीप्ती एवढंच म्हणाली, "नूपुर उभी आहे."

रजिस्टरात त्या दिवसासमोर लिहिलं आहे : समालोचक, कृष्णकांत पोतनीस.

सामना संपल्यावर सगळे नाचत होते आणि काका मात्र तोंड पाडून बसले होते. "तीस वर्षांत पहिल्यांदा बोललो मी माइकपाशी," ते अमोलला म्हणाले. "तेवढं काढता येईन का रेकॉर्डिंगमधून?"

अमोल हसला. "काका, एकदा गेलेली टेप परत कोण ऐकते? राहू द्या." टेप म्हणजे आता संगणकातली फाइल असते, पण केंद्रात सगळे टेपच म्हणतात.

यंदा मार्चमध्ये दिल्लीहून हुकूम आला. कामगार आयुक्तांकडे वर्षानुवर्षं रखडलेल्या तक्रारीचा निकाल लागला होता. पाच वर्षांत तीनशे दिवस भरलेल्या आणि अठ्ठावन्नच्या आतल्या हंगामी माणसांना कायम करायचं. एकदाच. पुन्हा अशी यादी निघणार नाही.

दीप्तीने यादी पाहिली ती अमोलच्या टेबलावर, उलट्या बाजूने वाचत. कृष्णकांत पोतनीस, तीनशे सहा. दीप्ती गजघाटे, दोनशे एक्याण्णव. मुलीच्या आजारपणात तिचे काही महिने बुडाले होते, तिथे फटका बसला होता. नऊ दिवस कमी. आणि काकांच्या त्या तीनशे सहांत अकरा दिवस तिच्या आवाजाचे होते.

त्या संध्याकाळी प्रशिकने भाकरी मोडता मोडता विचारलं, "तू काकाले बोलून काहून नाही पाहत?"

"बोलून काय सांगू? तुमचे अकरा काढून मले द्या? मग त्यांचे दोनशे पंच्याण्णव होते. जूनमध्ये त्यांले अठ्ठावन्न लागून राहिलं. यमुताईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन, कायम झाल्यावर कंपनीचं दवाखान्याचं कार्ड भेटन, त्याच्या भरवशावर थांबलं आहे."

"पण ते दिवस तुझे आहेत ना?"

"ते पण होते ना तिथं. फुकट बसले."

"मी एवढंच म्हणतो का, विचार तं."

दीप्तीने पाण्याचा तांब्या उचलला, पुन्हा ठेवला. "मी विचारलं तं ते देऊन टाकतीन. म्हणूनच विचारणार नाही."

प्रशिकने उरलेली भाकरी तिच्या ताटात सरकवली. दीप्तीला मात्र तिची आजी आठवत राहिली. भीमाबाई म्हणजे छप्पन साली नागपूरच्या धम्मदीक्षेच्या गर्दीत आईच्या कडेवरून उतरून चालत गेलेली पोर. म्हातारपणी ती नातीला सारखी एकच गोष्ट सांगायची, आपलं काम आपल्याच नावानं पाहिजे वं. आजीपुढे आज काय तोंड दाखवलं असतं, या विचाराने दीप्तीला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

पडताळणीची समिती मे महिन्यात आली. नागपूरच्या मे महिन्यात बाहेरून येणाऱ्यांचा हिशेब दुसऱ्या तासाला चुकतो. बैठकीच्या खोलीतलं एसी बंद पडलेलं, म्हणून समितीच्या तिघांना उचलून दोन नंबरच्या स्टुडिओत बसवलं, कारण यंत्रांसाठी तो चोवीस तास थंड असतो. भिंतीला लागून खुर्च्या मांडल्या, त्यावर सगळे हंगामी ओळीने. समोर टेबलाशी अध्यक्ष सत्यवती मॅडम, मूळच्या पुण्याच्या, आता दिल्लीत. काचेपलीकडे यंत्रांपाशी अमोल.

पद्धत सोपी होती. नाव पुकारायचं, दिवसांचा तक्ता हातात द्यायचा, खाली छापलेलं असायचं : वरील सर्व नोंदी माझ्या माहितीप्रमाणे खऱ्या आहेत. सही करायची. झालं.

"दीप्ती गजघाटे," मॅडम म्हणाल्या. "दोनशे एक्याण्णव. नऊ कमी पडतात. वाईट वाटतं. तुम्हाला काही सांगायचं आहे?"

लाखो माणसांनी जो आवाज ऐकला, तो आवाज त्या खोलीत एवढंच म्हणाला, "नाही."

तिने सही केली. पेन खाली ठेवलं. परत खुर्चीवर येऊन बसली तेव्हा आता चाळिशीच्या तोंडावर पुन्हा सहा-सहा दिवसांनीच आयुष्य मोजायचं, हे तिच्या लक्षात आलं.

"कृष्णकांत पोतनीस. तीनशे सहा. अभिनंदन. इथे सही."

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. तक्ता घेतला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. पेन्सिलीचं टोक ओळीओळीवरून खाली सरकत होतं. एक पान झालं, दुसरं झालं. समितीतला तरुण सभासद घड्याळ पाहायला लागला. पाच पानं होती. पाचही वाचून काकांनी तक्ता मॅडमच्या पुढे परत सरकवला.

"ह्याच्यात अकरा नोंदी चुकीच्या आहेत. सही करता येणार नाही."

काचेपलीकडे अमोलच्या चेहऱ्याचा रंग उडाला. दीप्ती उठून उभीच राहिली. "काका, नका."

"बस खाली," काका मागे न पाहता म्हणाले. मग खिशातून चौघडी केलेला कागद काढून त्यांनी मॅडमला दिला. "ह्या अकरा तारखा. ह्या दिवशी समालोचन मी नाही केलं. ह्या मुलीनं केलं. तिचे सहा दिवस भरले होते म्हणून चिठ्ठी माझ्या नावानं फाटली."

"तुम्ही काय म्हणताय ते कळतंय ना तुम्हाला?" मॅडमनी विचारलं. "आणि तुमच्या शब्दावर मी रजिस्टर कसं बदलू? पुरावा काय?"

"टेप लावा."

"कुठली?"

त्यांनी बेशाच्या फायनलची तारीख सांगितली. "एक तास बारा मिनिटांपासून लावा. आधीचं ऐकायचं असन तं सारंच ऐका, पण तुमच्यापाशी वेळ नसन."

अमोलने फाइल शोधली. काचेवरच्या पडद्यावर नाव उमटलं, समालोचक, कृष्णकांत पोतनीस, आणि खोलीत बाईचा आवाज घुमला. तरुण सभासद फिसकन हसला. हसण्यासारखंच होतं ते. तीन वर्षं त्या नावामागे तो आवाज बसून होता आणि पैसे वाटणाऱ्या एवढ्या मोठ्या कंपनीत कोणी एकदा कान लावून पाहिलं नव्हतं.

पण ते हसू पुढे गेलं नाही. नूपुर पळत होती.

दीप्तीने स्वतःला असं कधी ऐकलं नव्हतं. बोलणाऱ्याला आपला आवाज आतून ऐकू येतो, आणि सामना संपला की तो विरून जातो. आता ती भिंतीशी बसून ऐकत होती आणि तिला तो आवाज आपला वाटेना. वळणावर तो आधीच पोचलेला असायचा. पोर खांबाशी वळायच्या आत तो वळायचा, तिचा दम लागायच्या आत त्याला दम लागायचा. हे मी केलं? तिला खरंच कळेना. मॅडमच्या हातातलं पेन थांबलं होतं. तरुण सभासद खुर्चीच्या कडेला सरकून बसला होता. निकाल सगळ्यांना ठाऊक होता, तरीही.

"नूपुर डावीकडे," असं पडद्यामागची दीप्ती म्हणाली. आणि मग, अगदी हळू, वेलदोडा गालात धरून बोलल्यासारखा, एक म्हातारा आवाज आला.

"बोलू नको, दीप्ती. ऐकू दे."

मग ते एकवीस सेकंद आले.

स्टुडिओ असा बांधलेला असतो की बाहेरचं काही आत येत नाही. त्या खोलीत आता दुसरं काहीच उरलं नव्हतं. खो. खो. घसारा. खांबावर पंजा. धापा. आणि ती दोन पावलं. वर्षानुवर्षं मैदानात बसणारे हंगामी, ज्यांनी असे शेकडो सामने पाहिले, ते माना खाली घालून, डोळे मिटून ऐकत होते. मॅडमचा हात नकळत छातीशी गेला होता. शिट्टी झाली तेव्हा कोणीतरी जोरात श्वास सोडला.

"नूपुर उभी आहे," टेप म्हणाली.

अमोलने बटण दाबलं. दीप्तीला वाटलं होतं आपल्याला रडू येईल. पण तिला रडू आलं नाही, तिला नुसतं थक्क व्हायला झालं. आवाजामुळे नाही. तीस वर्षांत त्या माणसाची एकच चूक झाली होती, तिची त्याला तीन वर्षं लाज वाटत होती, आणि आज तीच चूक त्याने दहा माणसांत उघडी करून दाखवली, दीप्तीचं नाव त्यात होतं म्हणून.

"हा आवाज तुमचा?" मॅडमनी काकांना विचारलं. "कुजबुजलेला?"

"हो. चुकलं माझं. गुणलेखकानं बोलायचं नसते."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पोतनीस, तुम्ही तिथे हजर होतात. काम करत होतात. मी मनावर घेतलं तर या नोंदी अशाच राहू शकतात."

"चिठ्ठीवर समालोचक लिहिलं आहे. गुणलेखक लिहिलं असतं तं सही केली असती."

"दोघांच्या नावावर एक दिवस धरता येत नाही. चिठ्ठी एक, नाव एक. तुमचे किती उरतात कळतंय का?"

"दोनशे पंच्याण्णव," काका म्हणाले. "मोजता येते मले."

मॅडमनी चष्मा परत लावला. मग त्या काचेकडे वळल्या आणि अमोलला म्हणाल्या, "उरलेल्या दहा टेपा काढा. सगळ्या ऐकणार आहे मी." आणि त्यांनी खरोखरच ऐकल्या, दुपारचं विमान सोडून. चिठ्ठ्यांचा ठपका त्यांनी केंद्रावर ठेवला, माणसांवर नाही. एवढं श्रेय त्या बाईंना दिलंच पाहिजे. नियम मात्र त्यांनाही वाकवता आला नाही. ज्या नियमाने सातवा दिवस जन्माला घातला, त्यालाच आता खऱ्याखोट्याची एवढी चाड वाटावी, याचा राग कोणावर काढायचा?

बाहेर ऊन रणरणत होतं. सदरच्या कोपऱ्यावर रसवंतीत काका बर्फ न घातलेला रस पीत बसले होते. दीप्ती समोर येऊन उभी राहिली.

"काहून केलं असं, काका?"

"तुले काय वाटलं, तुझ्यासाठी केलं?" काकांनी ग्लास खाली ठेवला. "तीस वर्षं मी गुणपत्रिकेवर सही करून राहिलो. एक गुण इकडचा तिकडं नाही झाला. शेवटच्या कागदावर चुकीची सही केली असती तं बाकीच्या सह्यांचं काय?"

"अन् यमुताई?"

"तिले विचारूनच आलो. ती म्हणे, अकरा दिवस दुसऱ्याच्या घरचे आपल्या इथं पडून आहेत, ते आधी देऊन या. गुडघ्याचं मंग पाहू." त्यांनी बाजूची खुर्ची ओढली. "बस ना वं. उभी काय राहिली? रस घेते का?"

दीप्ती बसली. तिनेही बर्फ न घातलेलाच मागितला.

जुलैत तिची ऑर्डर आली. त्याच महिन्यात काकांचं नाव अमोलच्या वहीतून कमी झालं, वयामुळे. कागद बरोबर होता, सही बरोबर होती. नऊ वर्षं न हललेलं मानधन जाऊन पगार आला, ओळखपत्र आलं, आणि गेटवरच्या चौकीदाराने रजिस्टर पुढे करण्याऐवजी सलाम केला. दीप्तीला त्या सलामाने बरं वाटलं आणि त्याच क्षणी लाजही वाटली.

डिसेंबरात बेशाच्याच मैदानावर पुन्हा राज्य स्पर्धा भरली. सात दिवसांची. सातव्या दिवशीची चिठ्ठी पहिल्यांदाच दीप्तीच्या स्वतःच्या नावाने फाटली. गुणलेखकाची जागा आता भरली जात नाही, त्या ठिकाणी एक पडदा ठेवलाय, तो आकडे दाखवतो. दीप्ती माइकशी बसली, डोकं वर केलं, आणि तिला समोरच्या सार्वजनिक बाकांवर, तिसऱ्या रांगेत, काका दिसले. तिकीट काढून आले होते. मांडीवर कागद, हातात स्टॉपवॉच, कानाला फोन लावून 'दिगंत' ऐकत. शेजारी यमुताई, काठी पायाशी.

सामना सुरू व्हायला दीड मिनिट होतं. काकांनी सवयीने एक बोट वर केलं आणि दुसरं अर्धं दुमडलं. दीप्तीने पडद्याकडे पाहिलंच नाही.

लाल दिवा लागला. सुरुवातीची ओळ ठरलेली असते. मैदान, संघ, समालोचकाचं नाव. ती दिल्लीहून लिहून येते, त्यात गुणलेखकाचं नाव कधीच नसतं, आणि सातव्या दिवशी दीप्ती आजवर समालोचकाचं नावही गाळत आली होती.

"नमस्कार," दीप्ती म्हणाली. "बेसा मैदानावरून मी दीप्ती गजघाटे. आज स्पर्धेचा सातवा दिवस. आणि आजची वेळ मोजत आहेत कृष्णकांत पोतनीस."

तिसऱ्या रांगेत काका दचकले. तीस वर्षांत त्यांचं नाव हवेवर गेलं नव्हतं. यमुताईंनी त्यांचं मनगट धरलं. काकांनी घाईघाईने ओठांवर बोट ठेवलं आणि मान हलवली, नको म्हणून, तोच जुना दरारा डोळ्यांत आणून.

चौदा वर्षांत दीप्तीने त्यांचा शब्द एकदाही मोडला नव्हता. त्या दिवशी तिने मोडला. माइक जरा जवळ ओढला आणि ते नाव पुन्हा एकदा, सावकाश, टेपवर नीट उमटेल असं घेतलं.